साडूंचा फंड

जुन्या नोकरीतलं माणसाला काय आठवतं आणि काय आठवत नाही, याला काही धरबंध नाही. कँटीनला बुधवारी मिसळ असायची की बटाटेवडा, यावर दोन निवृत्त गृहस्थ बागेतल्या बाकावर तासभर वाद घालतात. मॅनेजरला मागे काय नावाने हाक मारत, टाइम ऑफिसच्या माणसाला काय चारलं की लेट मार्क पुसला जायचा, कोणत्या संपात कोण फुटला, पॅकिंगमधल्या कुणाचं टूलरूममधल्या कुणाशी जमलं आणि मग का फिसकटलं, सगळं तोंडपाठ. एवढं ऐकून आपण विचारावं, “आणि तुमचा पीएफ नंबर काय होता?” गृहस्थ एकदम कारंज्याकडे बघायला लागतात.

आमच्या सोसायटीत मला फॉर्म भरता येतात अशी माझी ख्याती आहे. ती कुणी आणि का पसरवली हे बाजूला ठेवू, पण त्यामुळे जुन्या फंडाची विसरलेली प्रकरणं माझ्या दारी येतात. येणारा माणूस प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. पिशवीत १९९० सालचं वीजबिल असतं, मुलाचं पोलिओ डोसाचं कार्ड असतं, गॅस कनेक्शनचे कागद असतात, रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स असतात. फंडाचा कागद तेवढा नसतो. “घर बदललं ना, तेव्हा गेला,” असं सांगतात. मराठी मध्यमवर्गाचे सगळे महत्त्वाचे कागद घर बदलताना जातात आणि वीजबिलं मात्र ट्रकमधून सुखरूप उतरतात.

या सर्वांत मानाचं प्रकरण म्हणजे आमचे साडू. आमच्या हिची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे यजमान. साडूंनी आयुष्यात तीन नोकऱ्या केल्या आणि तिन्ही बाणेदारपणे सोडल्या. १९८२ ते ८७ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, ८७ ते ९६ तळोज्याला, ९६ ते २००३ मरोळ एमआयडीसीत. त्यानंतर स्वतःचा धंदा, म्हणजे धाकट्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर. वयाची साठी उलटून गेल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं की दहा वर्षं सर्व्हिस भरली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळते. साडू त्याच संध्याकाळी आले. “साडूभाऊ, माझी एकवीस वर्षं भरतात. सरकारकडे माझे पैसे अडकलेत,” असं त्यांनी चहाच्या आधी सांगितलं आणि चहानंतर पुन्हा सांगितलं.

आता हे पैसे अडकतात कसे, तेवढं समजून घेऊ. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड अशा सहाच उद्योगांना लागू झाला, म्हणजे गिरणीतला कामगार पहिल्याच फटक्यात आत आला. आजच्या हिशेबाने पगारातले बारा टक्के आपले आणि बारा टक्के मालकाचे. आपले बारा सरळ फंडात जातात. मालकाच्या बारांचे मात्र दोन वाटे पडतात: ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात, उरलेले ३.६७ फंडात. हे पेन्शनचं खातं १६ नोव्हेंबर १९९५ पासूनचं. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, पण तिचा लाभ व्हायला आधी आपल्याला जावं लागे. त्यामुळे तिच्याबद्दल हयात माणसं फारशी चौकशी करत नसत.

नोकरी सोडताना गोष्ट अशी घडायची. शेवटच्या दिवशी अकाउंट्सवाला कागदांचा गठ्ठा पुढे करायचा आणि पेनाने फुल्या मारायचा. “इथे, इथे आणि इथे.” फुली असेल तिथे सही. कागदात काय आहे हे वाचणारा माणूस संशयी समजला जायचा. त्या गठ्ठ्यात फॉर्म १९ असायचा, तो फंड काढण्याचा. पेन्शनच्या पैशांसाठी १०सी नावाचा वेगळा फॉर्म असतो, हे अकाउंट्सवाला सांगायचा नाही आणि जाणारा विचारायचा नाही. दोन-तीन महिन्यांनी चेक यायचा, त्याचा फ्रिज किंवा सोन्याच्या पाटल्या व्हायच्या, आणि “फंड मिळाला” म्हणून विषय संपायचा. पेन्शनचा वाटा तिकडे तसाच राहायचा. अशा रीतीने हजारो माणसं आपली अर्धीमुर्धी कमाई घेऊन घरी गेली आणि उरलेलीही आपली आहे हे त्यांना निवृत्तीपर्यंत कळलं नाही.

हे फक्त साडूंच्या बाबतीत झालेलं नाही. २०२३-२४ च्या अखेरीला देशभरात निष्क्रिय पडलेल्या फंड खात्यांत ८,५०५ कोटी रुपये होते आणि अशी खाती साडेएकवीस लाखांच्या वर होती. साडेएकवीस लाख! यातले निदान काही लाख तरी आत्ता कुठल्यातरी बागेत बसून मिसळ की बटाटेवडा यावर वाद घालत असणार.

साडूंनी पहिली तोफ वागळे इस्टेटवर डागली. त्या कंपनीने आपला फंड खाल्ला, असं त्यांचं ठाम मत होतं. मालक कसा होता, त्याची गाडी कोणती होती, ती कुणाच्या पैशावर आली असणार, इथपर्यंत विषय गेला. अक्का स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. तिथूनच म्हणाली, “अहो, मला बघायला आलात ती स्कूटर कशाची होती?”

“कशाची म्हणजे?”

“तुमच्या आईंनी आमच्या बाबांना सांगितलं होतं, मुलगा व्यसनी नाही, फंड काढला तर स्कूटर घेतली. मी आतून ऐकलं. त्या फंडावरच तर हो म्हटलं.”

वागळे इस्टेट प्रकरण तिथे निकालात निघालं. मालकाची माफी मात्र साडूंनी मनातल्या मनातसुद्धा मागितली असेल असं वाटत नाही.

उरले तळोजा आणि मरोळ. दोन्हीकडे फंड काढलेला, पण १०सी भरलेला नाही. सर्व्हिस सोळा वर्षं, म्हणजे पेन्शनला पात्र. फक्त नंबर हवा. पूर्वीचा नंबर तसा आटोपशीर असायचा: महाराष्ट्राचं एमएच, मग कंपनीचा कोड, मग आपला अनुक्रमांक. पुढे मुंबईच्या कार्यालयाचे कांदिवली, ठाणे, वाशी असे भाग पडले. आता खात्याची पूर्ण ओळख बावीस अक्षरांची आहे: आधी विभाग आणि कार्यालयाची पाच इंग्रजी अक्षरं, मग कंपनीचा सात आकडी कोड, मग तीन आकडी उपविभाग, मग आपला सात आकडी नंबर, आणि रिकाम्या जागी शून्यं. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहावा म्हणून यूएएन आला तो २०१४ साली. साडूंची शेवटची नोकरी सुटली २००३ साली. आधुनिक सोयी नेहमी आपण गेल्यावर येतात.

तळोज्याची कंपनी बंद पडून जमाना झाला. फाटकाच्या जागी आता गोदाम आहे आणि वॉचमनला कारखान्याचं नावही माहीत नाही. तेव्हा शोध सुरू झाला त्या कंपनीतल्या माणसांचा. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात दुसऱ्याचा नंबर मिळाला, दुसऱ्याने तिसऱ्याचा दिला, आणि बघता बघता ‘तळोजा परिवार’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. रोज सकाळी त्यावर सूर्योदय आणि गुलाब यायला लागले. फंडाबद्दल कुणी काही सांगेना, पण “माझंही बघा ना” असं सगळेच म्हणायला लागले. साडू गेले होते एक नंबर आणायला, घेऊन आले बारा अर्जदार.

शेवटी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “अकाउंट्सचे काका आहेत अजून. डोंबिवलीत.” काका पंचाऐंशीच्या पुढे. आम्ही गेलो तेव्हा ते झोपाळ्यावर बसून हरिपाठ म्हणत होते. साडूंनी वाकून नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “तिकीट नंबर?”

“एकशे सतरा,” साडू म्हणाले. हे त्यांना आठवत होतं, कारण मस्टरवर रोज तोच लावायचा.

काकांनी डोळे मिटले आणि कंपनीचा पाच आकडी कोड असा म्हटला, की हरिपाठातलाच पुढचा चरण असावा. मग साडूंचा फंड नंबर सांगितला. मग एकशे अठरा नंबरवाल्याचाही सांगितला, जो विचारलाच नव्हता. “तीस वर्षं दर महिन्याला रिटर्न हाताने भरलाय,” ते म्हणाले. “आजचं जेवण आठवत नाही, पण हे जात नाही.” मी वहीत लिहून घेत होतो. काका थांबून म्हणाले, “एकशे सतरा म्हणजे तूच ना रे, ९५ च्या दिवाळीला दीडशे रुपये उचल घेतलीस आणि फुल अँड फायनलमधून कापायची राहून गेली?”

साडूंनी काकांचे पुन्हा पाय धरले. या वेळी जरा जास्त वेळ.

मरोळची कंपनी बंद पडली नव्हती, पण ती मरोळलाही नव्हती. आधी सिल्व्हासाला गेली, मग विकली गेली, मग ज्यांनी घेतली त्यांनी ती आणखी कुणाला विकली. शेवटच्या मालकाचं ऑफिस गुरगावात, तिथे एक एचआरची मुलगी फोनवर भेटली. फार गोड बोलणारी. तिने साडूंचा एम्प्लॉयी कोड विचारला, मग ऑफिशियल ईमेल आयडी विचारला. २००३ सालच्या मरोळच्या टूलरूममध्ये ईमेल म्हणजे ऑफिसमधल्या एकाच माणसाला येणारी गोष्ट होती, आणि तो ती छापून फाइलला लावायचा. “सर, आमची सिस्टम २०११ पासूनची आहे,” मुलगी म्हणाली. त्याआधीचे साडू तिच्या सिस्टममध्ये नव्हते. पण तिने मनापासून खटपट केली आणि कुठल्यातरी गोदामातल्या खोक्यातून जुनं रजिस्टर काढवलं. २००३ साली ती बहुधा पहिलीत असेल. तिने न पाहिलेल्या माणसाची न पाहिलेली सात वर्षं शोधून दिली. जुन्या नोकरीच्या प्रकरणांत आपल्याला ओळखणारे लोक कमी उपयोगी पडतात आणि न ओळखणारे जास्त, असं माझं निरीक्षण झालं आहे.

नंबर मिळाल्यावर खरी मौज सुरू झाली. कागदांत साडू तीन निघाले.

तळोज्याच्या नोंदीत त्यांचं आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं. मरोळच्या नोंदीत वडिलांचं नाव मधे पूर्ण. आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. हे एक वेळ चालून गेलं असतं, पण जन्मतारीख! साडूंची कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९६१. त्यांच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी विचारायचं, “किती वर्षांचा?” आणि आजोबांनी सांगायचं, “पुराच्या सालचा.” गुरुजी वर्ष काढायचे आणि पुढे १ जून लावायचे, म्हणजे पहिलीच्या वयात चोख बसतो. साडू खरे जन्मले श्रावणात, मंगळागौरीच्या दिवशी, असं त्यांची आई सांगायची. पण सरकारी साडू १ जूनचे, आणि त्यांचा वाढदिवस घरात कुणी कधी १ जूनला केला नाही.

मरोळला कॉम्प्युटर आल्यावर कुणीतरी ही १/६/६१ अमेरिकन पद्धतीने भरली. म्हणजे महिना आधी. साडू ६ जानेवारीचे झाले. थोडक्यात, एका नोंदीत ते श्रावणातले नसलेले १ जूनचे, दुसरीत १ जूनचे नसलेले ६ जानेवारीचे, आणि घरात श्रावणातले, पण श्रावणाला कागद नाही. अठ्ठावन्न वर्षं नेमकी कधी पूर्ण झाली यावर पेन्शन सुरू होण्याचा महिना ठरणार. “जानेवारीत जन्मलो तर पाच महिन्यांची जास्त मिळेल का हो?” साडूंनी विचारलं. तीन जन्मतारखांतून एक निवडायची संधी सगळ्यांनाच मिळत नाही, पण त्यांना मी परावृत्त केलं.

दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन म्हणून अर्ज असतो. ‘जॉइंट’ म्हणजे आपण आणि मालक दोघांनी सही करायची. मालक उरला नसेल तर कुणाची सही चालते, याची यादी आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. मॅजिस्ट्रेट, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, सरपंच, आमदार, खासदार, बँकेचा मॅनेजर, मान्यताप्राप्त शाळेचा मुख्याध्यापक. म्हणजे तळोज्याच्या टूलरूममध्ये तुम्ही नऊ वर्षं खरंच फाइल घासत होतात का, हे आमदार सांगू शकतात, पण शेजारच्या मशीनवरचा सहकारी सांगू शकत नाही.

बँकेचा मॅनेजर नुकताच आसामातून बदलून आलेला. त्याने कागद वाचला, साडूंकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. “मी यांना ओळखत नाही,” असं तो अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला. शेवटी साडू गावी गेले आणि ज्या शाळेत त्यांना १ जून मिळाला होता त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घेऊन आले. मुख्याध्यापक तिशीतले, त्यांचा स्वतःचा वाढदिवस कुठल्यातरी मार्चमधला. “आमच्या शाळेची तारीख आहे, आम्ही नाही ओळखणार तर कोण?” असं म्हणून त्यांनी शिक्का जरा जोरात मारला.

हे चालू असताना एका संध्याकाळी अक्का शिवणाचा डबा घेऊन माझ्यासमोर बसली. बटणं, हुक, रिळं बाजूला काढली आणि तळातून एक चौकोनी घडी केलेला कागद काढला. फंडाची वार्षिक स्लिप, मार्च १९८९. नंबर, कंपनीचा कोड, शिल्लक, सगळं स्वच्छ. अक्का लग्नाआधी भांडुपच्या एका औषधाच्या कंपनीत टायपिस्ट होती. लग्न ठरलं तशी नोकरी सोडली. तेव्हाच्या कायद्यात एक गंमत होती: नोकरी सुटल्यावर फंड काढायला दोन महिने थांबावं लागायचं, पण लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीला ही अट नव्हती. सरकारला लग्नघरातली निकड कळते. पण अक्काने तेव्हा पैसे काढलेच नव्हते. “मागितले असते तर सासरी द्यावे लागले असते,” ती शांतपणे म्हणाली. साडू वर्तमानपत्र उघडून बसले होते ते आणखी उघडून बसले.

मी हिशेब मांडला. स्लिपवर पाच हजारांच्या आसपास होते. १९८९-९० पासून जवळजवळ अकरा वर्षं फंडाला १२ टक्के व्याज होतं, आजच्या एफडीवाल्यांना ते ऐकून भोवळ येईल. मग साडेनऊ, साडेआठ. १ एप्रिल २०११ पासून अशा निष्क्रिय खात्यांचं व्याज थांबलं आणि २०१६ च्या अखेरीला ते पुन्हा द्यायचं ठरलं. तरीसुद्धा अठ्ठावन्न वर्षांपर्यंतचे मिळून ऐंशी हजारांच्या घरात जात होते.

फक्त अडचण एकच. खातं ज्या मुलीच्या नावावर होतं ती मुलगी आता अस्तित्वात नव्हती. आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, हे नेहमीचंच. पण अक्काचं पहिलं नावसुद्धा लग्नात बदललं होतं. आमच्याकडे हे बदलतं कुठे? ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहितो, सगळ्या बायका वाकून बघतात, पेढे वाटले जातात. ना अर्ज, ना साक्षीदाराची सही, ना आवक-जावक क्रमांक. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “नावबदलाचा पुरावा काय?” अक्का म्हणाली, “ताट होतं. त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.”

बाई मराठी होत्या. त्यांच्याही नावाची काही कथा असावी, कारण त्या हसल्या आणि त्यांनी मार्ग सांगितला. लग्नपत्रिका, लग्नाचं रजिस्ट्रेशन, दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र. लग्न नोंदवलेलं नव्हतं. पत्रिका सापडली, हळदीकुंकवाचे डाग पडलेली, ‘चि. सौ. कां.’च्या पुढे माहेरचं नाव. साडू आणि अक्का साठीच्या पलीकडे विवाह नोंदणी कार्यालयात गेले. साक्षीदार म्हणून मी, आमची ही आणि साडूंचा धाकटा भाऊ. पलीकडच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, चोविशी-पंचविशीचं, पळून आलेलं दिसत होतं. त्या मुलीने अक्काकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की आपण फंडासाठी आलो आहोत हे तिला सांगवलं नाही.

अक्काचे पैसे साडूंच्या पेन्शनच्या आधी आले. ती स्लिप जपून ठेवलेली, खातं एकच, नोकरी एकच. साडूंनी पासबुक दोनदा उलटून पाहिलं. “तीन वर्षांच्या टायपिंगचे?” एवढंच ते म्हणाले.

त्यांचा १०डी फॉर्म मात्र अजून भरायचा होता. पेन्शनसाठी पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. स्टुडिओवाल्याने दोघांना जवळ सरकायला सांगितलं. ते सरकले नाहीत, तर त्यानेच कॉम्प्युटरवर सरकवले. फॉर्ममध्ये शरीरावरच्या ओळखीच्या खुणाही लिहायच्या असतात. साडू म्हणाले, उजव्या भुवईवर जखमेची खूण, तळोज्याला लेथवर लागलेली. अक्का म्हणाली, ती खूण तळोज्याची नाही, आमच्या गावच्या विहिरीवर पाय घसरला तेव्हाची. यावर दोघांचा बराच वेळ खल झाला. खुणेच्या रकान्यात खुणेचा इतिहास लिहायचा नसतो, हे सांगून मी भुवई लिहून टाकली.

पेन्शन किती बसणार, हा प्रश्न साडूंनी शेवटपर्यंत विचारला नव्हता. एकवीस वर्षांची नोकरी म्हणजे काहीतरी भक्कमच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. पण पेन्शनपात्र पगाराला तेव्हा मर्यादा होती. २००१ पर्यंत पाच हजार, मग साडेसहा हजार. पंधरा हजार झाली ती सप्टेंबर २०१४ ला. त्याच सुमारास किमान पेन्शन हजार रुपये ठरली. साडूंच्या ९५ नंतरच्या वर्षांचा हिशेब साडेसहा हजारांवर, आधीच्या वर्षांना वेगळा ठरीव आकडा. “सत्तरने का भागायचं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शंभराने भागत नाहीत हे उपकार समजा.

महिन्याला बाराशे रुपये मंजूर झाले. अठ्ठावन्न वर्षांपासूनची थकबाकी आली ती वेगळी, पण साडूंचं लक्ष बाराशेवरच होतं. तीन नोकऱ्या, दोन कंपन्या शोधून काढल्या, डोंबिवली, गुरगाव, गावची शाळा, आणि बाराशे. तळोजा परिवारावर ही बातमी पडल्यावर जरा वेळ सगळे गुलाब थांबले. मग एकाने लिहिलं, “आमचं पण करून द्या.” एकशे अठरा नंबरवाला.

आता दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी बँकेत जाऊन मॅनेजरसमोर आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागायचं. नोव्हेंबर २०१४ पासून तो डिजिटल झाला. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांची पंचाईत व्हायची, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. साडूंनी मोबाइल समोर धरला. त्याने डोळे मिचकवायला सांगितलं. साडू बाणेदार माणूस, त्यांनी उगाच कुणाला डोळे मिचकावले नाहीत. मोबाइलने त्यांना हयात मानलं नाही. शेवटी अक्काने मागून चिमटा काढला, तेव्हा पापण्या हलल्या आणि वर्षभरासाठी ते जिवंत झाले.

त्या संध्याकाळी मी सगळे कागद फाइलला लावून देत होतो. अक्काने पेन्शन मंजुरीचा कागद घेतला आणि लांब धरून वाचला. “आणि हे गेल्यावर?” तिने विचारलं.

“विधवेला निम्मी,” मी म्हटलं.

“म्हणजे सहाशे.”

“नाही. किमान पेन्शन हजार. विधवेलाही हजाराच्या खाली देता येत नाही.”

अक्का जरा थांबली. हिशेब तिचा पक्का आहे.

“म्हणजे हे असताना बाराशे, नसताना हजार.” तिने कागद घडी करून शिवणाच्या डब्यात टाकला, रिळांच्या खाली. “मग दोनशे रुपयांत तीन वेळचा चहा, वर्तमानपत्र आणि जेवण. अहो, ऐकलंत का, उद्यापासून साखर कमी.”